आमचे युद्ध प्रतिनिधी, तालुका पोलादपूर

नाना सकपाळांनी फोनवर सांगितलेली जी पहिली बातमी मी टाइप केली, ती एका मोरीची होती. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या पायथ्याला त्यांचं गाव. गावाच्या तोंडाशी रस्त्याखालून पाणी जायची मोरी, ती तुंबलेली. मी महाडला 'कडेकपारी' साप्ताहिकात नुकतीच लागले होते. एका पुरात आमच्या ऑफिसचा खालचा मजला पाण्याखाली गेला, तेव्हापासून कॉम्प्युटर पोटमाळ्यावर होता आणि मीही. उभं राहिलं की डोक्याला वासा लागायचा.

"कोण गो तू?" पलीकडून आवाज आला.

"शुभा. टाइपिंगला आहे."

"पेंडशांनी ठेवली काय? बरं झालं. आधीच्याला माझा शब्दच लागायचा नाय. लिही."

आणि आवाज एकदम बदलला. घरात लुंगीवर बसलेल्या माणसानं टोपी घालावी तसा.

"पोलादपूर, वार्ताहर. येथील मुख्य रस्त्यावरील मोरी गेले तीन महिने तुंबलेली असून नागरिकांची मोठी गैरसोय होत आहे. पूर्णविराम दे. संबंधितांनी याकडे तातडीने लक्ष द्यावे, अशी मागणी जोर धरू लागली आहे. पूर्णविराम."

मी नवीन होते, म्हणून विचारलं, "मागणी कोणाची आहे?"

"माझी."

"एकट्याची?"

"मी धरलाय ना जोर," नाना म्हणाले. "अजून कोण कशाला लागतंय?"

पुढे सहा वर्षं मी त्यांच्या बातम्या टाइप केल्या. त्या वाक्याशिवाय संपलेली एकही मला आठवत नाही. गावातल्या एका वृद्ध शिक्षकांच्या निधनाची बातमी त्यांनी फार मनापासून सांगितली होती. सरांची शिस्त, सरांचं अक्षर, सगळं. आणि शेवटी, स्मशानातल्या शेडचे पत्रे उडालेले असून ते तातडीने बसवावेत अशी मागणी जोर धरू लागली आहे. मी म्हटलं, नाना, श्रद्धांजलीत हे बरं दिसत नाही. तर म्हणाले, "सर स्वतः भिजले गो. त्यांना विचारता आलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

दिसायला बुटके. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चार पेनं, त्यातलं एक चालणारं. कुठलं चालतं ते त्यांना दर वेळी नव्यानं शोधावं लागे. एसटीतून घाट चढायचा असला की ते डोंगराच्या बाजूची सीट धरायचे. ती मिळाली नाही तर पुढच्या गाडीपर्यंत थांबायचे. दरीकडे बघितलं की घेरी येते, हे ते कंडक्टरला आधीच सांगून ठेवत. सुई टोचून घ्यायला नानी, म्हणजे त्यांची बायको, बरोबर लागायची. आमच्या पोटमाळ्याची शिडी ते कधी चढले नाहीत. खाली उभे राहून बोलायचे आणि मी वरून डोकं काढून ऐकायचे.

बातमीबद्दल त्यांचा एकच नियम होता. आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि पायानं मोजायचं. नानांच्या बातमीत खड्डा 'मोठा' नसे, तो चार पावलांचा असे. बोगदा झाला तरी कशेडीच्या जुन्या घाटात दरड यायची ती येतेच. अशीच एकदा आली. दोन्ही बाजूंनी ट्रक अडकले, ड्रायव्हर लोकांनी रस्त्यातच स्टोव्ह पेटवले, आणि नाना त्या चिखलावरून पावलं मोजत निघाले. तिकडून ओरडा झाला, ओ काका, मागे व्हा. नाना मधे थांबले असते तर मोजणी चुकली असती, म्हणून थांबले नाहीत. दुपारी फोन आला.

"दरडीची लांबी बेचाळीस पावले. पूर्णविराम. जीवितहानी नाही. पूर्णविराम. मात्र एका नागरिकाची उजवी चप्पल ढिगाऱ्याखाली बेपत्ता असून शोधकार्य सुरू आहे."

"नाना, तो नागरिक तुम्हीच ना?"

"मी नागरिक नाय काय?"

आमचे संपादक पेंडसे सर फार सौम्य माणूस. त्यांनी तेवढं चपलेचं वाक्य काढलं. नाना आठवडाभर त्यांच्याशी तुटक बोलत होते. म्हणाले, अख्ख्या घाटात हरवलेली एकच वस्तू होती आणि नेमकी तीच बातमी कापली.

असा हा माणूस युद्धावर गेला.

त्या वर्षी आंब्याच्या दिवसांत सीमेवर तोफा सुरू झाल्या. पोलादपूरच्या वाड्यांमधून घरटी नाही तरी आळीला एक तरी पोरगा फौजेत असतोच. नानांच्या गावातला संदेश कदम तिकडे जम्मूच्या बाजूला होता. त्याची आई चंद्राबाई. नवरा नाही, हा एकच मुलगा. चार दिवस त्याचा फोन लागेना. टीव्हीवर सुटातला एक माणूस नकाशावर काठी आपटून सांगत होता की अमुक भाग बेचिराख झालाय. तासाभरानं तोच सांगायचा की तो भाग आपला नव्हे, त्यांचा. चंद्राबाईनं टीव्ही बंद करून त्याच्यावर टॉवेल टाकला आणि देवळात जाऊन बसली. संध्याकाळी सगळं गाव तिथं जमलं.

पुढचं मला नानांनीच सांगितलं. कोणी म्हणालं तहसीलला अर्ज द्या, कोणी म्हणालं आमदाराला गाठा. तेवढ्यात चंद्राबाई नानांकडे वळून म्हणाली, "नाना, तुमी पत्रकार हाव. तुमाला आत सोडतील. नुसतं बगून या. जेवतो का तेवडं इचारा."

नाना म्हणाले, "बघतो."

आता आपल्याकडे सभेत 'बघतो' म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण गावाचं मुंबईकर मंडळ त्या वेळी व्हिडिओ कॉलवर होतं, आणि मुंबईत राहून त्यांना या शब्दाचा विसर पडला असावा. अर्ध्या तासात जम्मूचं तिकीट नानांच्या व्हॉट्सअॅपवर आलं. खाली लिहिलं होतं, अभिमान आहे.

"दहा माणसांसमोर 'नाय' बोलता येत नाय गो मला," नाना दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिडीखाली उभं राहून म्हणाले. तोंड उतरलं होतं. "आणि ती माझ्याकडे बघत होती. आमदाराकडं बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

नानी काय म्हणाल्या, असं मी विचारलं.

"ती म्हणाली, कशेडीला जातात तवा छत्री इसरून येतात, हे लढाईला चालले. मंग बॅग भरायला घेतली."

पेंडसे सरांनी त्यांना परतवायचा प्रयत्न केला. नाना नुसते 'हो, हो' म्हणत राहिले, पण तिकीट हातातून सोडेनात. शेवटी सरांनी लेटरहेड काढलं आणि लिहिलं की श्री. सकपाळ हे आमचे युद्ध प्रतिनिधी असून त्यांना सहकार्य करावे. नानांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "सर, एवढं मोठं नको. पुढं 'तालुका पोलादपूर' टाका. आपली हद्द सोडून लिहिलेलं बरं नाय."

सरांनी टाकलं.

जाताना त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे. दुसरीत चंद्राबाईनं संदेशसाठी दिलेली नाचणीची भाकरी, कुळथाचं पीठ आणि सुकट. सुकट म्हणजे उन्हात वाळवलेली बारीक कोलंबी. तिच्याशिवाय आमच्याकडे पावसाळा निघत नाही, आणि तिच्या वासाशिवाय एसटी. तीन पिशव्यांत बांधून वर दोरी आवळली होती. तरी गाडी रतलामच्या पुढं गेल्यावर समोरचं कुटुंब दुसऱ्या डब्यात जागा शोधायला गेलं आणि परत आलं नाही. नाना पाय पसरून गेले.

जम्मूच्या पुढे कसे गेले, हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही. एका नाक्यावर पोलिसांनी अडवलं. नानांनी सरांचं पत्र काढलं. त्या जमादाराला देवनागरी येत होती. त्यानं अक्षर लावत लावत वाचलं, युद्ध प्रतिनिधी, तालुका पोलादपूर. मग विचारलं, "ये पोलादपूर किस तरफ़ का बॉर्डर है?"

नाना म्हणाले, "एक तरफसे रत्नागिरी, एक तरफसे सातारा."

यात खोटं काहीच नव्हतं. पण जमादार बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, चाचा, आगे मत जाओ, लौट जाओ. नानांना ते मनापासून पटलं. मात्र मागे जाणारी एकही गाडी तास दीड तास आली नाही. पुढे जाणारा जनावरांच्या चाऱ्याचा टेम्पो आला. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, गावात चारा टाकून लगेच परतणार आहे, बसा, येताना सोडतो. नाना बसले. युद्धाच्या तोंडावर ते अशा रीतीनं, परत यायचं म्हणून पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन वाजला.

"लिही गो," आवाज बारीक, दबका. "रेंज या एकाच कोपऱ्यात हाय, आणि तिथं मला वाकून उभं राहायला लागतंय."

मी म्हटलं, मीही वाकूनच बसलेय. कुठं आहात?

"बंकरात. जमिनीखाली शिमिटाची खोली हाय. पंधरा माणसं हाव. लिही."

आणि टोपी घातलेला आवाज सुरू झाला.

"सीमाभाग, वार्ताहर. येथे काल दुपारी चार वाजल्यापासून तोफगोळ्यांचा मारा सुरू असून नागरिकांची मोठी गैरसोय होत आहे."

गैरसोय. मी तसंच टाइप केलं. सहा वर्षांची सवय.

"गावातील बंकरला कुलूप असून त्याची किल्ली सरपंचांच्या खिशात आहे. पूर्णविराम. सरपंच लग्नाला शहरात गेलेले आहेत. पूर्णविराम. गोळे पडू लागले तेव्हा चौदा ग्रामस्थ आणि एक बाहेरगावचा नागरिक बंद दाराबाहेर..."

तेव्हा फोनमध्ये आवाज झाला. मी टीव्हीवर ऐकलेले आवाज मोठे होते, हा तेवढा मोठा नव्हता. जड काहीतरी लांब जमिनीत रुतावं तसा. त्यानंतर बायकांचं पुटपुटणं, एका लेकराचं रडणं. नानांचा आवाज नाही. मी दोनदा हाक मारली. पेंडसे सर शिडीच्या चौथ्या पायरीवर येऊन उभे होते.

खूप वेळानं, म्हणजे बहुधा दहा सेकंदांनी, नाना म्हणाले, "पूर्णविराम दे."

सर शिडीवरच बसले.

झालं होतं असं. टेम्पोवाला चारा टाकून पाणी प्यायला गेला, आणि पहिला गोळा शेतात पडला. सगळी माणसं बंकरकडे धावली, तर दाराला कुलूप. तिथं एक म्हातारी होती, सगळे तिला अम्मा म्हणत. तिनं घरातून वरवंटा आणला होता. का आणला, ते तिलाही माहीत नव्हतं, हाताला लागलं ते घेऊन ती पळाली होती. तिनं कुलपावर घाव घातला. कुलूप हलायचं आणि घाव वाया जायचा. कोणीतरी ते धरायला हवं होतं. नाना सर्वांत जवळ होते. ते म्हणाले, त्यांनी धैर्यानं वगैरे काही धरलं नाही, हात आपोआप गेला. अम्मानं तीन घाव कुलपावर घातले आणि एक नानांच्या अंगठ्यावर. कुलपावरच्या तिसऱ्या घावाला ते तुटलं. युद्धात नानांना झालेली जखम ती एवढीच. ते परतल्यावर महाडातले लोक तो काळा पडलेला अंगठा बघायला मागायचे, आणि नाना प्रामाणिकपणे सांगायचे, हा शत्रूनं नाय, अम्मानं.

आत घोट्याएवढं पाणी होतं. अवकाळी पाऊस पडून गेला होता, आणि दाराकडचा उतार चुकून आतल्या बाजूला काढलेला. माणसं खाटेवर, पेटीवर, उलट्या घमेल्यावर बसली. अशात संध्याकाळ झाली आणि पोरं भुकेनं रडायला लागली. नानांना बॅगेची आठवण झाली. भाकरी काढावी म्हणून त्यांनी दोरी सोडली. नेमकी सुकटीची पिशवी वर होती.

हवा यायला वर एवढासा झरोका. सुकटीचा वास त्या कोंडलेल्या खोलीत पसरला. एक म्हातारा नाकाला पगडीचं टोक लावून ओरडला, "गैस, गैस छोड़ दी." मग काय, पळापळ. बायकांनी पोरांच्या तोंडावर ओढण्या बांधल्या. दोघंजण दार उघडून बाहेर, तोफांखाली जायला निघाले. नाना मधे उभे राहून त्यांच्या हिंदीत सांगायला लागले, "गॅस नाय है, सुकट है. मच्छी है. सुका हुआ है." पण 'मच्छी सुकी है' हे त्या कल्लोळात कोणाला समजणार?

तिथं फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार होते. तेवढे शांत बसलेले. त्यांनी एकदा वास घेतला, दोनदा घेतला, उठून नानांच्या पिशवीत हात घातला आणि चिमूटभर सुकट तोंडात टाकली. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. हवालदार म्हणाले, "मैं तीन साल मुंबई में था. बैठ जाओ सब. खाना है."

स्टोव्ह होता. अम्मानं कांदा चिरला, नानांनी सुकट भाजून दिली. पहिला घास कोणी घेईना. अम्मानं घेतला आणि लगेच दुसरा घेतला. त्या रात्री पंधरा माणसांनी संदेश कदमची सुकट रोटीबरोबर संपवली. नाचणीची भाकरी पोरांनी खाल्ली. सकाळी राहिलं होतं ते फक्त कुळथाचं पीठ. कोणी मागितलं नाही, कारण ते कशाचं आहे हे नानांना हिंदीत सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केलं ते असं. मारा थांबला की जेमतेम दहा पंधरा मिनिटं मिळायची. तेवढ्यात नाना आणि हवालदार बाहेर येऊन दारासमोर चर खणायचे. नाना सांगायचे, मी थोर काही केलं नाय, मला एवढंच येतं. आंबेनळीच्या पायथ्याला वाढलेल्या माणसाला पाणी घराबाहेर कसं काढावं, हे शाळेत शिकवावं लागत नाही. त्यांनी आधी उतार बघितला, एक काटकी पाण्यात सोडली, मग वळण दिलं. फावडं एकच होतं. नानांच्या वाट्याला परात आली. संध्याकाळपर्यंत आतलं पाणी बाहेर गेलं आणि पोरं जमिनीवर झोपली.

त्याच दिवशीच्या बातमीत एक वाक्य होतं, 'बंकरपासून जवळच पडलेल्या गोळ्याने झालेला खड्डा सात पावलांचा आहे.' मी विचारलं, नाना, तुम्ही तो मोजायला गेलात? तर म्हणाले, "जाऊन आलो. नानीला सांगू नको."

आम्ही रोज व्हॉट्सअॅपवर बातम्या टाकायचो, त्यात या टाकल्या. महाड हसलं. चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं जाई, 'रणभूमीवरून थेट: बंकरला गळती, किल्लीअभावी ग्रामस्थांत नाराजी.' लोकांना विमानं हवी होती आणि नाना उताराबद्दल लिहीत होते. मुंबईच्या एका वाहिनीनं नंबर मिळवून त्यांना थेट कार्यक्रमात फोनवर घेतलं. निवेदक तारस्वरात म्हणाला, सांगा सकपाळजी, शत्रूला कसं चोख उत्तर मिळतंय?

"ते मला दिसलं नाय," नाना म्हणाले. "मी खाली होतो. किल्लीचं सांगू काय?"

फोन कट.

तिसऱ्या दिवशी मारा थांबला. नाना रस्त्याला येऊन उभे राहिले आणि जाणाऱ्या प्रत्येक फौजी ट्रकला हात करून विचारायला लागले, "संदेश कदम, पोलादपूर?" कोणी हटकलं, कोणी हसलं. एका जवानानं त्यांना खाऊवाला समजून हात हलवून नको म्हटलं. दुपारी हवालदारांना त्यांची दया आली. त्यांनी जुन्या ओळखीतून तीन चार फोन फिरवले. शेवटी एक कारकून सापडला. त्यानं दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि येऊन म्हणाला, "ठीक है. अभी मेस में खाना खा रहा है." एवढंच. त्याहून जास्त सांगायची त्याला परवानगी नव्हती.

नाना तिथं रस्त्याच्या कडेला खाली बसले आणि रडले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पुढे हवालदारांनी ऑफिसात फोन केला तेव्हा सांगितलं.

परत येताना मात्र नानांना नवीन भीती लागली. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांनी मला चार फोन केले. विषय एकच. "सुकट खाल्ली हे तिला कसं सांगू गो?" मी म्हटलं, पोरगा सुखरूप आहे नाना, सुकटीचं काय घेऊन बसलात. "तुला नाय कळायचं," ते म्हणाले. "आईनं पोरासाठी दिलेलं मी पंधरा लोकांत वाटून आलो."

पोरगा सुखरूप असल्याचं फोनवर कळलं होतं, तरी चंद्राबाई अंगणात वाट बघत होती. सगळं गाव मागे उभं. नाना म्हणाले, "बरा हाय. जेवतो."

"काय जेवतो?"

हे नानांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षं बातम्या देणाऱ्या माणसाचा एवढा एक प्रश्न विचारायचा राहिला होता. मग त्यांनी नुसतं कुळथाचं पीठ उरलेली बॅग पुढे केली आणि सुकटीचं सगळं सांगितलं, गॅसपासून. गावातले लोक तोंडावर हात धरून हसत होते. चंद्राबाई हसली नाही. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "त्या म्हातारीला आवाडली काय?"

"दोनदा घेतली तिनं."

ती घरात गेली. नाना उभेच. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरी पिशवी होती, पहिल्यापेक्षा मोठी. "पाठवा तिला," म्हणाली. ती पिशवी महाडातल्या एकाही कुरिअरवाल्यानं घेतली नाही. शेवटी पोलादपूरचाच एक जवान रजा संपवून निघाला होता, त्याच्या ट्रंकेतून ती गेली. त्या ट्रंकेतल्या कपड्यांचं पुढे काय झालं, याची बातमी आमच्याकडे नाही.

किल्लीचं काय झालं, तेही सांगते. हवालदारांनी नानांची बातमी हिंदीत उतरवून घेतली आणि कागद घेऊन मोठ्या अधिकाऱ्याकडे गेले. महिनाभरानं त्यांचा फोन आला. आता बंकरच्या तीन किल्ल्या आहेत, एक अम्माच्या गळ्यात, आणि दाराकडचा उतार फोडून उलटा काढलाय. पेंडसे सरांनी हे पहिल्या पानावर छापायचं म्हटलं. नानांनी मजकूर सांगितला, दोनच ओळी. मी शेवटच्या वाक्यासाठी थांबले होते.

"संपली बातमी," नाना म्हणाले. "मागणी पुरी झाली ना."

त्यानंतर त्यांना भाषणांची बोलावणी आली. एक मी ऐकलं, त्यांच्या नातवाच्या शाळेत. मुलं तिरंगी रिबिनी लावून बसली होती. नानांनी पाऊण तास उतार, चर आणि परात एवढंच सांगितलं. मुलं जांभया द्यायला लागली. कार्यक्रम हातचा चाललेला बघून मुख्याध्यापकांनी माइक घेऊन विचारलं, "सकपाळसाहेब, तोफा धडाडत असताना आपल्याला भीती नाही वाटली?" उत्तर काय येणार, याची त्यांना खात्री होती.

"वाटली ना," नाना म्हणाले. "पहिल्या गोळ्याला माझी विजार भिजली."

मुलं अशी हसली की छताचे पत्रे वाजले. मुख्याध्यापकांनी माइककडे हात नेला, पण नानांनी तो सोडला नाही. हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मला लाज वाटली. आत गेल्यावर बघितलं तर हवालदाराची पण भिजलेली. त्यानं मला सांगितलं, सगळ्यांची भिजते. मंग दुसऱ्या दिवशी आमी तशीच विजार सुकवून चर खणला. भिजलेल्या माणसालापण खणता येतं, एवढं लक्षात ठेवा." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे शिक्षकांना ठरवता येईना. एका चिमुरडीनं वाजवायला सुरुवात केली.

मी महाड सोडायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. संदेश रजेवर आला होता. बातमी द्यायला आलेल्या नानांना घरी सोडायला तो मोटरसायकल घेऊन ऑफिसात आला. उंच, लाजरा मुलगा. दारातच उभा राहिला. मी पोटमाळ्यावर आहे हे त्याला दिसलं नसावं. नाना पेनं चाचपत होते.

"नाना," तो हळूच म्हणाला, "तुमी शाळेत ते सांगितलं, आई बोलली. खरं काय?"

"खरं. तुझं?"

त्यानं मागं वळून रस्त्याकडे बघितलं. कोणी नव्हतं.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला. "कोणाला बोललो नाय अजून."

नानांनी त्याच्या दंडावर थोपटलं. "मी छापत नाय," म्हणाले. "चल."

मी खिडकीशी गेले. संदेशनं त्यांच्या डोक्यात स्वतःचं हेल्मेट घातलं. ते इतकं मोठं होतं की आतून फक्त हनुवटी दिसत होती. नाना मागे बसले, दोन्ही हातांनी त्याच्या पोटाला गच्च मिठी मारली आणि "हळू रे, हळू," असं गाडी सुरू व्हायच्या आधीपासूनच म्हणायला लागले. गाडी बाजारपेठेतून निघाली. मासळीवाल्यांच्या बाजूनं एक कुत्रं भुंकत मागे लागलं. नानांनी दोन्ही पाय सीटच्या उंचीला वर उचलले आणि तसेच आडवे धरून ते वळणावरून दिसेनासे झाले.